पॅटागोनियाच्या आधी चाकण

यमुनानगर, निगडी
गुरुवार, ९ ऑक्टोबर २०२५

अनुया,

आशीर्वाद आहेतच, ते लिहून जागा अडवत नाही. हे अक्षर कुणाचं ते तू पाकिटावरूनच ओळखलं असशील. म्हणून टाकून देऊ नकोस. अक्षर तुझ्या बापाचं असलं तरी बोलणं माझं आहे. एरवी माझं लिहिणं-वाचणं करणाऱ्या शेजारच्या शालनबाई लेकीकडे नाशिकला गेल्यात, म्हणून याला धरलं. गुरुवार, कंपनीला सुट्टी, नुसता पंख्याकडे बघत पडला होता.

त्यानं आधी अट घातली. म्हणाला, "आई, तू सांगशील तेवढंच लिहीन. माझ्या मनाचं एक अक्षर घालणार नाही." मी म्हटलं, चालेल. मग माझीही अट ऐक, माझ्या तोंडचं एक अक्षर गाळायचं नाही, तुझ्याविषयी असलं तरी. त्याला हो म्हणावंच लागलं. सगळा जन्म कंपनीच्या क्वालिटीत, माल तपासण्यात काढलाय माणसानं. मापाच्या गेजवर दिसलं ते कागदावर, वाकडं तर वाकडं. फक्त मी 'न्हाई' म्हणते तिथे तो 'नाही' लिहितो, हे मला वाचून दाखवताना कळलं. तेवढं असू दे म्हटलं, शिकलेल्या पोरीला पत्र जायचंय.

तू म्हणशील, आजी फोन का करत नाही. करते की. तू 'हो आजी, जेवले आजी, मीटिंग आहे आजी' म्हणतेस आणि ठेवतेस. आणि मी तुझ्याशी बोलायला लागले की हा उठून बाल्कनीतल्या कुंड्यांना पाणी घालायला जातो. परवा बाहेर पाऊस पडत होता, तरी घालत होता. पत्र म्हटलं की याला खुर्चीत बसावं लागतं आणि तुझं नाव हातानं लिहावं लागतं. माझा एवढाच डाव आहे, लपवून काय करू?

"हे कशाला लिहायचं," म्हणतोय. लिही रे. गेज.

आता तुमच्या भांडणाचं. दोघांकडून वेगवेगळं ऐकून माझे कान किटले. एकदा मी सांगते, म्हणजे तिघांचं एकच राहील. तुझी आई गेली तेव्हा तू नऊ वर्षांची. या बाबाला पोरीशी काय बोलावं कळेना, म्हणून काही वर्षं गुरुवारची सुट्टी बदलून रविवार मागून घेतला आणि तुला किल्ल्यावर न्यायला लागला. लोहगड, तिकोना, राजमाची. न बोलता जायचात, बडबडत यायचात. सहावीत तू कुठून तरी निळ्या बर्फाचं चित्र आणलंस, पृथ्वीच्या पार शेपटाकडच्या पॅटागोनियाचं. "बाबा, इथे जायचं." हा म्हणाला, जाऊ. तेव्हापासून या घरात पॅटागोनिया एवढ्या वेळा ऐकलंय की मला ते मावळातलंच गाव वाटतं.

यंदा एकदाची तुम्ही दोघांनी तिथल्या सहलीत नावं घातली, आणि पावसाळ्यात तिकोन्यावरून उतरताना याचा गुडघा फिरला. डॉक्टर म्हणाले, चढ चालेल, लांब उतार नको. हे यानं तुला सांगितलं नाही. तू मात्र त्याला जिन्यावरून अंग तिरकं करून उतरताना पाहिलंस आणि त्याला न विचारता सहलवाल्यांकडून त्याचं नाव काढून घेतलंस. याला ते कळलं कंपनीच्या बसमध्ये, मोबाइलवर. आदल्याच आठवड्यात लाइनवरच्या पोरांनी याला 'साहेब, बर्फात लागेल' म्हणून लोकरीची टोपी दिली होती.

हा घरी येऊन म्हणाला, "विचारायचं तरी होतंस." तू म्हणालीस, "विचारलं असतं तर तुम्ही 'बरा आहे' म्हणाला असता." दोघंही खरं बोललात. खरं बोलून घर मोडलेली माणसं मी पहिल्यांदाच बघितली. तू एक बॅग घेऊन हिंजवडीला मैत्रिणींत राहायला गेलीस. इथून हिंजवडी ती केवढी, पण तुम्ही दोघांनी मध्ये समुद्र घातलाय.

तुझे डोंगरात घालायचे बूट इथेच राहिलेत. तुझ्या बापानं त्यांना मेण चोळलं. का, तर म्हणे कातडं सुकलं की तडकतं, त्यात तुझा काही संबंध नाही. हेही लिहिलंय त्यानं. मान खाली घालून लिहिलंय.

दिवाळीला ये.

तुझी आजी
रंभा

&nbsp;

यमुनानगर, निगडी
गुरुवार, ६ नोव्हेंबर २०२५

अनुया,

पाडव्याला आलीस, बरं वाटलं. चकल्या नेल्यास, बूट नेलेस. जाड जाकीट मात्र कपाटातच विसरलीस. विसरलीस की ठेवलंस ते मी विचारत नाही.

तू आलीस तेव्हा हा मावसभावाचं निमित्त काढून, 'सयाजीकडे चाकणला जातो' म्हणून बाहेर पडला होता. चाकणला कशाचा जातोय? कोपऱ्यावरच्या टपरीवर चहा पीत बसला होता, तुझी कॅब वळेपर्यंत. टपरीवालाच मला म्हणाला, "आज्जी, साहेब आज एका चहावर दोन तास बसले." घरी आल्यावर विचारतो कसा, "कोण येऊन गेलं का?" मी म्हटलं, हो, भंगारवाला.

हसू नकोस निरंजन, लिही.

तुझं उत्तर आलं. वाचून कोण दाखवणार? हाच. तुलाही ते ठाऊकच होतं लिहिताना, लबाडे. चष्मा पुसून बसला आणि कंपनीतली नोटीस वाचावी तसा वाचायला लागला. आधी विमान, मग दुसरं विमान, मग तिसरं. एल चाल्तेन नावाच्या गावात मुक्काम, तिथून डोंगरातल्या तळ्याकडे पायी. वारा असा की माणूस तिरका चालतो. मग कालाफाते. हे नाव ऐकून मी म्हटलं, हा तर चाकणच्या पुढचाच फाटा वाटतो, पीएमपीची बस जात असेल. हा हसला. हसल्यावर आठवलं की आपण रागावलोय, मग खाकरला.

त्या कालाफातेजवळ बर्फाची नदी. एक दिवस तिच्यासमोर कठड्याच्या वाटेवरून फिरून बघायचं, आणि ज्यांना जायचं त्यांनी बुटांखाली लोखंडी दात बांधून तिच्यावर चालायचं. बर्फ तुटून पाण्यात पडतो तेव्हा तोफ उडाल्यासारखा आवाज होतो. हे सगळं त्यानं वाचलं. मग पान उलटलं, थोडं वाचलं आणि "बस, एवढंच" म्हणून घडी घातली.

मला अक्षर येत नाही, पण वाचणाऱ्याचे डोळे कुठवर गेलेत ते दिसतं. डोळे पानाच्या तळाला पोचले होते आणि तोंड मध्येच बंद झालं होतं. शालनबाई नाशिकहून आल्यात. दुसऱ्या दिवशी हा शिफ्टला गेल्यावर त्यांच्याकडून ते पान परत वाचून घेतलं.

आता जे याच्या तोंडून निघालं नाही, ते याच्याच हातानं लिहून घेते. लिही निरंजन. तुझ्या लेकीनं लिहिलं होतं, "आजी, चढताना बाबा माझ्या मागे असायचे आणि उतरताना पुढे. आता उतरताना पुढे कोणी नसलं की माझे पाय थांबतात. मागच्या आठवड्यात राजमाचीच्या उतारावर मी सगळ्यांसमोर खाली बसून सरकत उतरले. ग्रुपमध्ये सांगितलं, बूट नवे आहेत. तिथे बर्फावर काय करणार आहे मला माहीत नाही. बाबांना सांगू नकोस."

बूट नवे नाहीत, हे या घरात सगळ्यांना माहीत आहे.

लिहून झालं का? वाच.

... वाचलं त्यानं. सगळं वाचलं. आता पाणी प्यायला उठलाय. पेन माझ्यापाशी ठेवून गेलाय, जसं काही मी पुढचं लिहिणार आहे.

आला. विचारतोय, अजून काही लिहायचंय का. मी म्हटलं, तुझं काही असेल तर घाल. म्हणतो, "ठरलंय ना, माझ्या मनाचं अक्षर नाही."

बरं बाबा.

आजी

&nbsp;

यमुनानगर, निगडी
गुरुवार, २७ नोव्हेंबर २०२५

अनुया,

हे पत्र बसून ऐक. म्हणजे वाच. तुझी आजी बर्फात जाऊन आली.

झालं असं. मागच्या गुरुवारी सकाळी तुझा बाप तुझं ते निळं जाकीट कपाटातून काढून उलटसुलट करत बसला होता. शिवण ओढून बघ, चेन वरखाली कर, आतून तोंड लावून फुंकर मार. मी म्हटलं, काय शोधतोस? म्हणाला, "आई, एवढ्या लांबच्या थंडीत माणूस न्यायचा आणि मालाची ट्रायल नाही? दुकानदाराच्या शब्दावर?" मग त्याला सयाजी आठवला. माझ्या बहिणीचा सयाजी चाकणच्या पुढे एका कोल्ड स्टोरेजवर सुपरवायझर आहे, तुला माहीत आहे. तिथे गोठवलेले मटार ठेवतात. पाणी गोठतं त्याच्याही पार खाली थंडी.

"मग जा की घालून," मी म्हटलं. तर हा तुझ्या जाकिटात मावतो का? एक हात घातला तिथेच अडकला. दोघं मायलेक त्या हाताला ओढत होतो. निघाल्यावर त्यानं माझ्याकडे जे बघितलं ना, खालून वर, बेताबेतानं, जसं काही मी बेल्टवरून आलेला पार्ट आहे. म्हणाला, "आई, तुझी उंची आणि अनुयाची सारखीच आहे."

(नाव घेतलं बरं का तुझं. ऑगस्टनंतर पहिल्यांदा.)

तर अशी मी पाचवारी साडीवर पॅटागोनियाचं जाकीट घालून, पायात तुझ्या बापाचे दोन दोन मोजे, चाकणला गेले. सयाजीनं कपाळाला हात लावला. "मावशी, मालकांना काय सांगू?" मी म्हटलं, सांग मावशीला मटार बघायचेत. प्लास्टिकच्या पट्ट्यांचे पडदे सारून आत गेलो आणि बया, नाकातला वारा नाकातच थिजला. चहूकडे खोकी, छतापर्यंत. फोर्कलिफ्टवाला पोरगा गाडी थांबवून बघतच राहिला. सयाजीला म्हणाला, "सर, आजींना कुठल्या रॅकला लावायचंय?"

तुझ्या बापानं मला मोठ्या पंख्यासमोर उभं केलं. का, तर तिकडे वारा असतो. आणि सुरू. "आई, गळ्यातून शिरतंय का? मनगटातून? पाठीवर? खरं सांग." मी म्हटलं, गळ्यातून सुरी घातल्यासारखं शिरतंय. मग म्हणाला, हातमोजे घालून चेन वर ओढ. ओढायची कशी? चेनचं ते लोखंडी जिभलं एवढंसं, जाड मोज्यात सापडेचना. "बघ," म्हणाला, "हे तिला बर्फावर कळलं असतं." घरी येऊन त्यानं माझ्या परकराच्या नाडीचा तुकडा कापून त्याचा फासा त्या चेनला बांधलाय. गळ्यापाशी आतून पट्टी शिवून घेतलीय शालनबाईंच्या मशिनवर. तेव्हा तू जगाच्या टोकाला माझ्या परकराची नाडी मिरवत जाणार आहेस. मैत्रिणींना सांगायचं की नाही ते तुझं तू बघ.

आता ऐक, यासाठी हे पत्र आहे.

बाहेर येताना पडद्यांच्या आतच फोर्कलिफ्टचा उतार आहे, त्यावर ओल गोठून काच झाली होती. माझा पाय सरकला. तुझा बाप माझ्या पुढे झाला, तोंड माझ्याकडे, पाठ उताराकडे, माझे दोन्ही हात धरले आणि उलटा उतरायला लागला. "टाच आधी. माझ्याकडे बघ, खाली नको. हां. आता दुसरा." मला सांगत होता, पण मला नव्हता सांगत. मध्यावर आलो तेव्हा त्याचा गुडघा कचकला. मला हातातून कळलं, कारण त्यानं माझे हात एकदम आवळले. चेहरा तसाच ठेवला. मी विचारलं, दुखलं का रे? म्हणाला, "नाही. थंडीनं."

थांबलास का? लिही. मी गाळू देणार नाही, आणि तुलाही गाळवणार नाही. हे तूच ठरवलंस.

अनुया, त्याचा गुडघा वाईट आहे. तू जे जिन्यात पाहिलंस ते खरं होतं, तुझी भीती खोटी नव्हती. तो तुझ्यासोबत डोंगर उतरू शकणार नाही. पण ज्या माणसानं तुला सगळे उतार उतरवले, त्याचं नाव तू त्याच्या पाठीमागे खोडलंस. दोन्ही खरं आहे. आता एकमेकांची खरी गोष्ट बगलेत मारून किती दिवस फिरणार आहात?

मला तुमच्या त्या बर्फाचं एवढंच कळलंय की एकानं कठड्याशी उभं राहून बघायचं आणि एकानं वर चालायचं, असंही तिथे होतं. कठड्याशी उभं राहायला कितीसा गुडघा लागतो? आणि तू तळ्याकडे चढायला गेलीस तर हा गावात बसून चहा पिऊ शकतो. टपरीवर बसायचा सराव त्याला आहे.

पण हे मी ठरवायचं नाही. तू इथे यायचंस, त्याच्या समोर बसायचंस आणि विचारायचंस, "बाबा, गुडघा कसा आहे?" आणि हा जो लिहितोय, त्यानं खरं सांगायचं. 'बरा आहे' म्हणाला तर तुझं तू एकटी जा, मी तुझी बाजू घेईन. खरं बोलला, तर त्याला तिथे काय जमेल आणि काय नाही, ते त्याचं त्याला ठरवू दे.

कबूल आहे का रे?

मान हलवतोय. मान कागदावर उमटत नाही निरंजन, तोंडानं बोल.

"कबूल."

लिही ते.

आजी

&nbsp;

यमुनानगर, निगडी
शनिवार, ७ फेब्रुवारी २०२६

निरंजन,

चमकलास ना? या खेपेला पत्र तुला, आणि अक्षर तुझ्या लेकीचं. उद्या तुम्ही निघणार, आणि बॅगा भरताना तू कुणाचं ऐकत नाहीस. शिवाय मला तुझ्याशी जे बोलायचंय ते हिच्या हातून गेलेलं बरं. अट तीच आहे, हिनं आपल्या मनाचं घालायचं नाही आणि माझं गाळायचं नाही.

माझं मागचं पत्र मिळाल्यावर रविवारी संध्याकाळी ही आली, चप्पल न काढता तुझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, गुडघा कसा आहे?" तेव्हा तुझं काय झालं ते तू पाहिलं नाहीस, मी पाहिलं. तू तोंड उघडलंस, 'बरा' म्हणायलाच. 'ब'पर्यंत ओठ मिटलेही होते. मग तू माझ्याकडे बघितलंस, आणि मी भिंतीकडे बघितलं. माझा उपयोग नव्हता तिथे. मग तू म्हणालास, "उतरताना दुखतो. कधी कधी रात्रीही दुखतो. पायावर विश्वास राहिला नाही, अनू. तुला सांगायची लाज वाटत होती."

मग ही म्हणाली, "मी विचारायला हवं होतं." आणि तुम्ही दोघं शेंगा सोलत बसलात, जसं काही त्या शेंगांवाचून कुणाचं अडलं होतं. ही म्हणते, 'आजी, हे नको.' लिही गं. तुझ्या बापानं माझ्यासाठी याहून अवघड लिहिलंय.

सहलवाल्यांकडे जागा मिळाली, व्हिसाला दोघं मुंबईला जाऊन आलात, कंपनीनं रजा दिली, हे सगळं झालं. मला काळजी त्याची नाही. काळजी तुझ्या तोंडाची आहे. तिथे गेल्यावर डोंगर बघून तुला चेव येईल. म्हणशील, थोडंसंच आहे, चढून तर बघतो. चढशील, तू चढशीलच. आणि मग उतरता येईना म्हणून वरच उभा राहशील. तेव्हा तळ्याकडे जायच्या दिवशी ही जाईल, तू गावात राहशील. तू स्वतः ठरवलंयस, क्वालिटीवाल्या. ट्रायलमध्ये जे नापास झालं ते गाडीला लावत नाहीत.

आणि अनुया, हे तुझ्यासाठी, तुझ्याच हातानं लिही. बर्फावर तुझे पाय थांबले तर थांबू देत. सोबतच्या वाटाड्याला सांग, मला उतरताना भीती वाटते, पुढे रहा. बूट नवे आहेत असं सांगू नकोस. समोर कठड्याशी बाप उभा असेल, त्याला लांबून तू मुंगीएवढी दिसशील. तो हात धरू शकणार नाही. ते दोघांनाही जड जाईल. जाऊ दे.

तिकडून फोन कराल तेव्हा बर्फ केवढा आणि निळा किती, ते मी शेवटी ऐकेन. आधी निरंजनला विचारेन, गुडघा कसा आहे. 'बरा' म्हणालास तर म्हणेन, अनुयाला दे. तिला विचारेन, घाबरलीस का? 'नाही गं' म्हणाली तर म्हणेन, बापाला दे.

काल तू मला विचारलंस, "आई, एकटी राहशील ना?" मी म्हटलं, "राहीन की, मला काय झालंय." ते खोटं होतं. नियम तुम्हाला लावला तर मलाही लागायला पाहिजे. तुम्ही दोघं एकदम एवढ्या लांब कधी गेला नाहीत. दिवसाचं काही नाही, पण संध्याकाळी दिवा लावला की मला या घराची भीती वाटते. शालनबाईंना झोपायला बोलावलंय. त्या घोरतात, ते बरंच आहे.

लिहिलंस अनू? सगळं? मग जा, दे नेऊन त्याला. मधल्या खोलीत बॅग पुन्हा उघडून बसलाय.

आई